बिघाड नव्हता

डोंबिवलीतल्या पायलट चौकातल्या फलकाला लाल पट्टी कोण बांधतं, याची चौकशी चालू आहे असं माझ्या कानावर आलं. चौकशी थांबवा. मी बांधते.

पट्टी सुती कापडाची आहे, वीतभर लांब. तिला स्टीलच्या बारीक तारेचा पीळ असतो, त्यामुळे ती हाताने ओढून निघत नाही, पक्कड लागते. काढायला येणारी माणसं दर खेपेला पक्कड आणायला विसरतात, त्याला माझा इलाज नाही. हे सगळं मी माझ्या सहीनिशी लिहून द्यायला तयार आहे. सही केल्याशिवाय कुठलीही गोष्ट ठणकावून बोलायची नाही, हे मला ज्यांनी शिकवलं ते दळवीकाका आता नाहीत. पट्टी का बांधते हे सांगायचं तर आधी त्यांच्याबद्दल सांगावं लागेल.

सार्जंट दळवी, हवाई दलातून निवृत्त. मूळचे कोकणातले. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि मी दुसऱ्या. मी बारा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी आहे, दुसरं कोणी तयार होत नाही एवढ्याच गुणावर. त्यांची नि माझी ओळख भांडणाने झाली. एके सकाळी ऑफिसला निघाले तर लिफ्टच्या दाराला लाल पट्टी लटकत होती आणि शेजारी एक बुटका, ताठ मानेचा माणूस खाकी हाफपँटमध्ये उभा होता.

"लिफ्ट वापरायची नाही," तो म्हणाला. "दोरीचा आवाज बदललाय."

"तुम्ही कोण सांगणारे? मी सेक्रेटरी आहे."

"मग तुम्ही सही करा. लिफ्ट ठीक आहे असं लिहा, खाली नाव घाला. मी पट्टी काढतो."

मी सही केली नाही. का केली नाही, ते आजही सांगता येणार नाही. पेन माझ्या पर्समध्येच होतं. पण त्या माणसाने वही माझ्यापुढे अशी धरली होती की खोटं लिहिण्याची हिंमत झाली नाही. मी जिन्याने उतरले आणि दिवसभर त्याच्या नावाने चरफडत राहिले.

संध्याकाळी मी परतले तेव्हा दिवा स्टेशनहून लिफ्टवाला आला. दोर खरंच एका बाजूने झिजला होता. तो त्याने बदलला, हात पुसले, पिशवी उचलली, तर दळवीकाका दारात आडवे. "आलात तेव्हा पिशवीत अकरा अवजारं होती. आता दहा आहेत."

लिफ्टवाला हसला. मग चिडला. म्हणाला, "काका, मेरा टूल गया तो मेरा गया ना, आपका क्या जाता है?" काका म्हणाले, "मेरा लिफ्ट जाता है." अर्ध्या तासाने त्या बिचाऱ्याला पुन्हा वर चढावं लागलं. एक पाना लिफ्टच्या टपावर, चाकाच्या अगदी शेजारी पडलेला होता. लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. काकांनी त्याला एक शब्द लावला नाही. उलट वर नेऊन चहा पाजला. त्यानंतर तो जेव्हा यायचा तेव्हा जाताना पिशवी स्वतःहून उघडून दाखवायचा.

त्यांच्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा स्वयंपाकघर बघून मला हसू आवरेना. ओट्यावरच्या भिंतीला निळा रंग, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने प्रत्येक वस्तूची आकृती काढलेली. झाऱ्याची, पळीची, किसणीची, लाटण्याची, सांडशीची. प्रत्येक आकृतीवर खिळा आणि त्या खिळ्याला तीच वस्तू. हवाई दलात अवजारं अशीच ठेवतात म्हणे. जागा रिकामी दिसली की कळतं, काहीतरी विमानात राहिलंय. त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, तेव्हा होत्या. त्या मला म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, हे माझंही चित्र काढतात की काय भिंतीवर."

काकू गेल्यानंतर एक आकृती मात्र कायमची रिकामी राहिली. काकूंचा अडकित्ता त्यांच्या बहिणीने आठवण म्हणून मागून नेला होता. मी एकदा सहज म्हटलं, "काका, एवढं पुसून टाका ना, उगाच डोळ्यांत येतं." ते म्हणाले, "कशाला? बाहेर गेलाय. हरवलेला नाही."

त्यांचं एकच पालुपद होतं. कोणी काहीही सांगितलं की विचारायचे, "सही कोणाची?" टाकीत पाल पडली होती म्हणे. सही कोणाची? अमक्याच्या मुलीने पळून जाऊन लग्न केलं. सही कोणाची? ग्रुपवर आलेल्या मेसेजखाली ते रोज सकाळी चार-पाचदा हेच टाकायचे, आणि बायकांनी त्यांचं नावच 'सही' ठेवलं होतं. त्यांच्या धंद्यात, ते सांगायचे, विमानाची एक वही असते. ज्याने जे काम केलं त्याने त्या कामापुढे सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की शेवटी पायलट सही करून विमान ताब्यात घेतो. "म्हणजे काय, सेक्रेटरीबाई? म्हणजे तो माझ्या सहीवर बसून आभाळात जातो. सीटवर नाही."

आता पायलटबद्दल. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. डोंबिवलीत ते पोराटोरांना पाठ आहे आणि ते उगाच कुठेही वापरलेलं काकांना खपायचं नाही. काका त्यांना 'आमचे साहेब' म्हणायचे. हे साहेब डोंबिवलीत वाढलेले. एकाहत्तरच्या युद्धात लढाऊ विमान घेऊन गेले ते परत आले नाहीत. त्याआधीच्या कामगिरीमुळे त्यांचं नाव घरोघर झालेलं होतं. विमान सीमेपलीकडे पडलं, अवशेष हाती लागले नाहीत, त्यामुळे ते नेमके कसे गेले याचा निकाल कधी लागलाच नाही. हवाई दलाच्या कागदात 'बेपत्ता, मृत समजण्यात आले' एवढंच आहे. पण डोंबिवलीला एवढ्यावर राहवेना.

दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो. करमरकर सर बोलतात. सरांनी साहेबांवर एक पुस्तिका लिहिली आहे आणि ती शाळेतल्या प्रत्येक मुलाने वाचलेली आहे. सर बोलतात सुरेख. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. विमानात बिघाड झाला, सर सांगत होते, इंजिन बंद पडलं, उडी टाकून जीव वाचवता आला असता, पण खाली गाव दिसलं. लहान मुलं दिसली. शत्रूच्या देशातली का होईनात, मुलंच ती! आणि त्या वीराने ते निर्जीव विमान रिकाम्या माळाकडे वळवलं.

टाळ्या थांबल्या आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, बिघाड नव्हता."

सगळ्या माना मागे वळल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण काका माझ्याच शेजारी बसले होते.

सरांना याची सवय असावी. ते शांतपणे म्हणाले, "दळवी, आपल्या भावनांचा मला आदर आहे. परंतु त्या वेळच्या वर्तमानपत्रात 'तांत्रिक बिघाड' असे शब्द आहेत. माझ्याकडे कात्रण आहे."

"खाली सही कोणाची?"

"बातमीखाली सही नसते."

"गाव कोणी पाहिलं? पोरं कोणी पाहिली? माळ कोणी पाहिला?"

"आणि आपण काय पाहिलंत? आपण विमानात नव्हता, दळवी."

"नव्हतो," काका म्हणाले. "म्हणून साहेब कसे गेले हे मी छाती ठोकून सांगत नाही. कशाने गेले नाहीत, तेवढंच सांगतो. ते विमान मी तयार केलेलं. बिघाड नव्हता."

दोन स्वयंसेवक त्यांच्याकडे यायला निघाले तसे ते स्वतःच उठले, खुर्ची सरळ केली आणि गेले. नंतर कळलं, हे दरवर्षी होतं. त्यांना आमंत्रण द्यायचं बंद केलं होतं, तरी ते यायचे, सरांचं ते वाक्य येईपर्यंत बसायचे, आपलं वाक्य बोलायचे आणि जायचे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चार शब्द सुनवायला वर गेले. म्हटलं, काका, काय बिघडतं? गोष्ट चांगली आहे, मुलांना आवडते, साहेबांचा मोठेपणाच दिसतो त्यात. तुम्ही कशाला दरवर्षी हसं करून घेता?

ते ओट्याशी उभे होते. भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि दोन कप चहा टाकला. मग म्हणाले, "मोठेपणा? त्यांना बिचारं करून टाकलंय तुम्ही. मशीन बंद पडलं आणि बिचारा मेला. साहेब बिचारे नव्हते."

त्या दुपारी त्यांनी मला सांगितलं. विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या महत्त्वाच्या जागी पिना घातलेल्या असतात, म्हणजे चुकून काही सुटू नये. प्रत्येक पिनेला लाल पट्टी, लांबून दिसावी म्हणून. उडण्याआधी फिटर त्या सगळ्या काढतो, शिडीने उतरतो, समोर येऊन हात वर करतो आणि पायलटला दाखवतो. पायलट मोजतो आणि अंगठा वर करतो. तोवर विमान हलत नाही.

"सहा पिना. मी दाखवल्या. साहेबांनी मोजल्या. त्यांची एक खोड होती, ओठ हलवून मोजायचे, पोरासारखे. अंगठा वर केला. आणि गेले."

"मग?"

"मग दोन विमानं गेलेली त्यातलं एक आलं. नंबर दोन. मी शिडी लावली. पंखाला भोकं पडलेली. तो पायलट शिडीवरच थांबला, उतरेना. मला म्हणाला, दळवी, खालच्या तोफा माझ्या मागे लागलेल्या. साहेब माऱ्यातून बाहेर पडलेले होते, सुटलेले होते. ते परत वळले. तोफांवर गेले, मला वाट मिळावी म्हणून. रेडिओवर बोलत होते शेवटपर्यंत, इंजिनबद्दल एक अक्षर नाही. हे त्यांनी पाहिलेलं, मी नाही. माझं म्हणणं इंजिनापुरतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "इंधन किती वेळ पुरतं ते मला माहीत होतं. ती वेळ टळली. तरी मी त्यांची शिडी धरून उभा राहिलेलो. आमचे वॉरंट ऑफिसर दोनदा सांगून गेले, दळवी, शिडी ठेव. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी माझी बोटं सोडवली."

चौकशी झाली होती. वही तपासली, सह्या तपासल्या, सगळं चोख निघालं. "हवाई दलाने मला कधी दोष दिला नाही," ते म्हणाले. "दिला तो डोंबिवलीने."

मी विचारलं, मग मुळात डोंबिवलीत घर कशाला घेतलंत? तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलले. साहेब त्यांना म्हणाले होते, दळवी, सुट्टी मिळाली की आमच्या डोंबिवलीला या, आईच्या हातची डाळिंबी उसळ खायला घालतो. युद्धानंतर ते खरंच आले. पत्ता शोधत साहेबांच्या घराच्या पायरीपर्यंत गेले. साहेबांची आई ओटीवर बसून कोणाला तरी सांगत होती, यंत्रवाल्यांनी माझा मुलगा खाल्ला, त्यांचं कधी भलं होणार नाही. काका पायरीवरून परत फिरले. नोकरी संपल्यावर त्यांनी त्याच गावात घर घेतलं आणि त्या पायरीवर पुन्हा कधी गेले नाहीत.

"अजून स्वप्नात पिना मोजतो," ते म्हणाले. "पाचच भरतात. उठतो, पुन्हा मोजतो. सहा होत्या, सेक्रेटरीबाई. मी जमा केल्या सहा. पावती आहे."

त्यानंतर मी त्यांना शहाणपण शिकवायला गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी चौकात साहेबांच्या नावाचा संगमरवरी फलक बसवायचं ठरलं. समिती झाली. मजकूर ग्रुपवर फिरला: 'विमानात बिघाड झाला असता प्राणांची पर्वा न करता...' काका फोन घेऊन धाडधाड जिना उतरून माझ्याकडे आले. आजवर वाक्य बोललं जात होतं, वर्षातून एकदा, हॉलमध्ये. आता ते दगडावर जाणार होतं. "मी मेल्यावर कोण उठून बोलणार? दगडच बोलत राहणार."

समितीला द्यायचं पत्र मी टाइप केलं. ते सांगत होते आणि मी लिहीत होते. माझ्या नोकरीत पत्रं लिहिण्यातच माझा जन्म गेलाय, तेव्हा माझ्या बोटांनी आपणहून त्यांच्या वाक्याला जरा मऊ केलं. 'विमानात शक्यतो बिघाड नसावा, असे नम्रपणे वाटते.' प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला.

"शक्यतो?"

"काका, अशानेच काम होतं. जरा नमतं घ्यायचं."

"शक्यतो ठीक आहे म्हणून विमान सोडतात का? साहेब शक्यतो बसले त्यात?"

त्यांनी तो कागद चार तुकडे करून माझ्याच टेबलावर ठेवला. नवीन पत्रात तीन वाक्यं होती. विमान मी तयार केले. त्यात बिघाड नव्हता. फलकावर तसे लिहू नये. खाली सही. उत्तर आलं नाही.

अनावरणाला साहेबांच्या धाकट्या बहिणीला बोलावलं होतं. कुसुमताई, पंचाहत्तरीच्या, बाळकुमला मुलाकडे टॉवरमध्ये राहतात. लग्नानंतर ठाण्याला गेल्या त्या डोंबिवलीच्या कार्यक्रमांना कधी आल्या नव्हत्या. समितीच्या लोकांनी मला बजावलं, आज तरी त्या दळवींना आवरा, बाईंसमोर शोभा नको. मी बरं म्हटलं आणि काकांना काहीच सांगितलं नाही.

मांडव चौकातच होता. सरांचं भाषण त्या वाक्यापाशी आलं आणि काका उभे राहिले. पण या वेळी नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. ते सरळ पुढे चालत गेले, मंचापाशी थांबले, खिशातून आपली वही काढली.

"सर, यात मी लिहून आणलंय, विमान ठीक होतं. खाली माझी सही आहे. शेजारच्या पानावर तुम्ही लिहा, विमानात बिघाड होता. सही करा. मी आयुष्यात पुन्हा तोंड उघडणार नाही. देवाशप्पथ."

करमरकर सर मुळात वाईट माणूस नाही. त्यांनी पेन घेतलं. वहीकडे बघत राहिले. लोक कुजबुजायला लागले. सरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मी वर्तमानपत्रावरून लिहिलं आहे," ते हळूच म्हणाले. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू आलं. त्यांनी सही केली नाही.

समितीचे अध्यक्ष काकांचा दंड धरायला पुढे झाले तेवढ्यात कुसुमताई खुर्चीतून उठल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही दळवी का? पिना दाखवायचे ते? आमच्या बाळूच्या पत्रात असायचे तुम्ही."

काकांचा ताठ मानेचा सगळा डौल गेला. ते नुसते मान हलवत राहिले.

"मग मला खरं सांगा. मशीन बंद पडलं होतं का?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस नमेल. समोर त्या माणसाची बहीण आहे, म्हातारी आहे, एक शब्द मऊ बोलला तर काय जातंय! आणि त्यांना ते माहीत होतं.

"नाही ताई," काका म्हणाले. "मशीन चांगलं होतं. साहेब माऱ्यातून बाहेर पडलेले. नंबर दोन मागे राहिलेला म्हणून परत वळले. हे नंबर दोनने मला सांगितलं. मशीनचं मात्र मी सांगतो. बिघाड नव्हता."

कुसुमताईंनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाल्या, "आई त्याला निघताना म्हणाली होती, काम झालं की सरळ घरी ये, इकडेतिकडे थांबू नकोस. मशीन बिघडलं म्हटलं की तिला बरं वाटायचं. म्हणजे तो यायला निघाला होता. ती जाईपर्यंत यंत्रवाल्यांना शिव्या देत होती, दळवी. तुम्हाला देत होती."

"आईंचा हक्क होता तो."

"नव्हता," कुसुमताई म्हणाल्या. "आण ती वही इकडे." त्या पंचाहत्तरीच्या बाई एकदम भावाच्या मित्राशी बोलावं तशा एकेरीवर आल्या. "मी करते सही. विमान ठीक होतं म्हणून."

आणि हा माणूस! वही त्याने छातीशी धरली. "ताई, तुम्ही विमान पाहिलं नाही. तुम्हाला त्याखाली सही करता येणार नाही."

मांडवातले काही लोक हसले. मलाही क्षणभर त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण कुसुमताईंना ते बरोबर कळलं. त्यांनी हात पुढे केलेलाच ठेवला. "मग मी जे पाहिलंय ते लिहिते."

करमरकर सरांसाठी ठेवलेल्या पानावर त्यांनी लिहिलं. ती वही आता माझ्याकडे आहे, म्हणून जसंच्या तसं देते. 'माझा भाऊ लहानपणी खेळून कधीही पहिल्या हाकेला घरी आला नाही. कोणी मागे राहिले असेल तर तो त्याला आणायला परत जात असे. यावरून त्याने आईचा मार खाल्ला आहे. हे मी स्वतः पाहिले आहे.' खाली पूर्ण नाव, सही आणि तारीख.

एवढं होऊनही फलक राहिला तो तसाच. संगमरवर कोरून झाला होता आणि आता काही करता येणार नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी 'बिघाड' शब्दाच्या बरोबर वर, फलकाच्या चौकटीच्या कडीला लाल पट्टी होती.

मग सुरू झालं. पालिकेची माणसं काढायची, काका बांधायचे. उघड, दिवसा, शिडी लावून. एकदा हवालदाराने हटकलं, "काका, काय लावलंय हे?"

"फलक नादुरुस्त आहे. तोवर पट्टी राहणार."

"कोणाच्या परवानगीने?"

काकांनी त्याला वही दाखवली. हवालदाराने कुसुमताईंचं पान उभ्यानेच वाचलं, दोनदा वाचलं, आणि शिडीचा एक पाय खड्ड्यात होता तो सरकवून नीट केला. मग म्हणाला, "लवकर आटपा."

गेल्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग चावी. तारेला पीळ देणं हे बोटांचं काम, तेच जमेना. पुण्याहून त्यांची मुलगी न्यायला आली. निघायच्या सकाळी ते माझ्या दारात आले, हातात पक्कड, कात्री, तारेचं रीळ. "सेक्रेटरीबाई, पट्टी काढलीय त्यांनी. गाडी अकराला आहे."

पुण्याला गेल्यावर महिन्याभरात ते गेले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती सकाळच आहे.

चौकात ऊन आलं होतं. रिक्षावाले माना वळवून बघत होते, समोरच्या दुकानातल्या दोघी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मी साडीचा पदर खोचून शिडीवर चढले. गेल्या तीस वर्षांत मी स्टुलाच्या वर चढलेली नाही. खालून त्यांचा आवाज येत होता, "उजवीकडून घाला. अजून अर्धा पीळ. अजून. टोक आत वळवा, कोणाच्या बोटाला लागेल." तार माझ्या हातात दोनदा तुटली. तिसऱ्यांदा बसली. त्यांनी वरूनच ओढून बघायला लावली. ओढली, हलली नाही.

मी एकेक करून अवजारं खाली दिली. मला वाटलं आता झालं. पण ते शिडीपासून दोन पावलं मागे सरकले, माझ्या समोर येऊन उभे राहिले आणि थरथरत्या हातांनी पक्कड, कात्री, रीळ वर धरून मला दाखवलं. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मला समजायला जरा वेळच लागला. मग मी मोजली. ओठ हलवून मोजली, मुद्दाम. तीन आणली होती, तीन होती. आणि भर चौकात, एवढ्या लोकांदेखत, मी अंगठा वर केला.

त्यांनी अवजारं खिशात घातली. पुढे आले. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली, तेव्हा ते हात थरथरत नव्हते, हे मी सहीनिशी सांगते.

"उतरा आता," ते म्हणाले. "शिडी धरलीय मी."